हातातली रायफल कोणी टाकली? ‘मॅक्स पेन ३’वरच्या भांडणाचं प्रकरण

साओ पावलो. एका चकचकीत ऑफिसचा अर्धा मजला तुम्ही साफ केलाय. शेवटच्या पडलेल्या गड्याकडून रायफल उचललीय, मॅगझीन जवळजवळ भरलेलं. समोर दार. दाराशी जाऊन बटण दाबलं की सूत्रं तुमच्या हातातून जातात. मॅक्स दाराला टेकतो, स्वतःशीच दारूबद्दल काहीतरी कडवट बोलतो, पडद्याचे तुकडे होतात, रंग एकमेकांपासून सुटून थरथरतात, त्याच्या बोलण्यातला एखादा शब्द मोठ्या अक्षरांत उमटून विरतो. मग खेळ पुन्हा तुमचा. समोर तिघे, तिघांकडे मोठ्या बंदुका. आणि तुमच्या हातात पिस्तूल.

रायफल कुठे गेली? ‘मॅक्स पेन ३’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम खेळलेल्या जवळपास प्रत्येकाने हा प्रश्न आपापल्या भाषेत एकदा तरी विचारलेला आहे. आम्ही मराठीत विचारला होता. तो इथे छापण्यासारखा नाही.

हा खेळ मे २०१२ मध्ये आला. समीक्षकांनी शंभरात सरासरी ८५च्या वर गुण दिले. चाहत्यांमध्ये मात्र उभी फूट पडली आणि ती अजून बुजलेली नाही. एका गटाच्या मते गोळीबार असावा तर असा, कथेचं काय घेऊन बसलात. दुसऱ्या गटाच्या मते हा मॅक्सच नव्हे. माझा शाळेपासूनचा एक मित्र दुसऱ्या गटात आहे, मी बराचसा पहिल्या. दर दिवाळीला भेटलो की फराळ संपायच्या आत विषय तिथे येतो.

“हा कुणीतरी भलताच टकल्या आहे रे. नाव तेवढं चोरलंय.”

“आवाज त्याचाच आहे की.”

“आवाज काय, रेडिओवरही ऐकता येतो.”

या भांडणात दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवत होतो, असं मला आता वाटतं. ती योग्य जागा दाखवण्यासाठी आधी थोडं मागे जावं लागेल.

बर्फाचे दिवस

पहिला ‘मॅक्स पेन’ जुलै २००१ मध्ये पीसीवर आला. बनवणारी रेमेडी ही फिनलंडमधली तेव्हाची छोटी कंपनी. कथा सॅम लेक याची, आणि हात आखडता असल्यामुळे मॅक्सचा चेहराही त्याचाच. कपाळाला आठ्या, ओठ एका बाजूला ओढलेले. तो चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. आवाज जेम्स मॅकॅफ्री यांचा. न्यूयॉर्कमधला पोलीस, बायको आणि तान्ही मुलगी घरात मारली गेलेली, मारणारे ‘व्हॅल्किर’ नावाच्या ड्रगच्या नशेत. मग एका हिमवादळी रात्री तो सूड घेत सुटतो. ड्रगपासून नाइटक्लबपर्यंत सगळीकडे उत्तर युरोपातल्या पुराणांतली नावं पेरलेली. एका दुःस्वप्नात तर मॅक्सला कळतं की आपण कॉम्प्युटर गेममध्ये आहोत. इतका दुःखी खेळ स्वतःची इतकी थट्टा करतो हे तेव्हा नवीन होतं.

खेळण्यातली मुख्य गंमत म्हणजे बुलेट टाइम. बटण दाबलं की काळ मंदावतो, मॅक्स हवेत झेप घेतो, दोन्ही हातांत पिस्तुलं, गोळ्या डोळ्यांना दिसतात. जीव पेनकिलरच्या गोळ्यांवर. आणि कथा सांगायला कटसीनऐवजी, म्हणजे खेळ थांबवून दाखवलेल्या व्हिडिओऐवजी, कॉमिकची पानं: फोटोंवरून रंगवल्यासारखी स्थिर चित्रं, चौकटीत मजकूर, वर मॅकॅफ्रींचा खर्जातला आवाज. व्हिडिओपेक्षा हे स्वस्त पडत होतं. स्वस्तातल्या या सोयीने पुढे किती मोठं काम केलं त्याकडे येतोच.

आमच्यासाठी हा सायबर कॅफेतला खेळ. २००३-०४ च्या आसपास तासाला पंधरा-वीस रुपये. टोळकं ‘काउंटर स्ट्राइक’ लावायचं. कोपऱ्यातल्या मशीनवर एकटा बसलेला पोरगा बहुधा ‘मॅक्स पेन’ नाहीतर ‘व्हाइस सिटी’ खेळत असायचा. बाहेर मे महिना, डोक्यावर घरघरणारा पंखा, कानाला घामट हेडफोन आणि पडद्यावर न्यूयॉर्कचा बर्फ. प्रत्येक दारापाशी एफ-५ दाबून सेव्ह करायची सवय तिथेच लागली. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या सेव्हवर कोणीतरी स्वतःचा सेव्ह चढवलेला पाहायचीही.

दुसरा भाग ऑक्टोबर २००३ मध्ये आला. तोही रेमेडीचाच, पण मालकी बदललेली: टेक-टू या अमेरिकी कंपनीने २००२ मध्ये मॅक्सचे हक्क विकत घेतले होते आणि प्रकाशन तिच्याच रॉकस्टार या शाखेकडे होतं. या वेळी सूडाऐवजी प्रेम. मोना सॅक्स ही भाडोत्री मारेकरी. शेवटी ती मरते. सर्वांत अवघड पातळीवर खेळ संपवला तर मात्र ती जगते. हा दुवा लक्षात ठेवा, त्याच्यावरून पुढे डोकी फुटली आहेत. खेळाचं कौतुक झालं, खप मनासारखा झाला नाही, आणि मालिका कपाटात गेली.

टकल्याचं आगमन

मार्च २००९ मध्ये तिसऱ्या भागाची घोषणा झाली आणि पाठोपाठ चित्रं आली. त्यांत मॅक्सचं डोकं तुळतुळीत, दाढी वाढलेली, अंग सुटलेलं, मागे कडक ऊन. बर्फाचा कण नाही. भांडण त्या दिवशी सुरू झालं. खेळ हातात यायला अजून तीन वर्षं होती. रेमेडी बाजूला झाली होती. रॉकस्टारने आपल्या अनेक स्टुडिओंना कामाला लावलं, गाभा व्हँकुव्हरचा. लेखन डॅन हाऊसर आणि त्यांच्या चमूचं. मॅकॅफ्री परत आले, आणि या वेळी नुसता आवाज नव्हे, अंगाच्या हालचालीही त्यांच्याच.

कथा अशी. दारूत आणि पेनकिलरमध्ये बुडालेला मॅक्स ब्राझीलमधल्या साओ पावलोत ब्रँको नावाच्या गडगंज कुटुंबाचा अंगरक्षक आहे. मोठा भाऊ रॉड्रिगो बिल्डर, मधला व्हिक्टर राजकारणी, धाकटा मार्सेलो पार्ट्यांमध्ये रमलेला. रॉड्रिगोची बायको फॅबियाना पळवली जाते. खंडणी द्यायला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये जायचं, तिथे तिसरीच टोळी गोळ्या घालते. पुढे रॉड्रिगो मारला जातो, फॅबियानाही. तपासाचा धागा जातो गरिबांना उचलून त्यांचे अवयव विकणाऱ्या धंद्याकडे आणि तिथून घरातल्याच माणसाकडे. रचना ओळखीची आहे. रहस्य कोणालाही सातव्या-आठव्या प्रकरणात कळतं. पण भांडण रहस्यावरून नव्हतंच.

हात खरं बोलतात

आधी खेळण्याबद्दल, कारण इथे मित्रालाही फारसं बोलता येत नाही.

या खेळात शरीराला वजन आहे. झेप घेतली आणि मध्ये भिंत आली तर मॅक्स भिंतीवर आदळतो, जमिनीवर पडला की पडल्या पडल्या चहूबाजूंना गोळ्या झाडू शकतो, उठायला मात्र वेळ लागतो. चाळिशी उलटलेल्या, जाड झालेल्या माणसाचं ते उठणं आहे. शत्रूच्या खांद्यात गोळी गेली तर खांदा मागे जातो, पायात गेली तर गडी दुमडतो. पडण्याच्या हालचाली आधी बनवून ठेवलेल्या नाहीत, त्या त्या क्षणी हिशोबाने घडतात. टोळक्यातला शेवटचा पडतो तेव्हा कॅमेरा गोळीच्या मागे जातो.

एक सोय खास सांगण्यासारखी. तुमच्याकडे पेनकिलर शिल्लक असताना जीवघेणी गोळी लागली तर मॅक्स लगेच मरत नाही. तो कोसळू लागतो, काळ मंदावतो, आणि ज्याने गोळी घातली त्याला पडता पडता टिपलं तर एक पेनकिलर खर्च होऊन जीव वाचतो. नेम चुकला की संपलं. मध्ये खांब आला तरी संपलं. हे दोन-तीन सेकंद म्हणजे अख्खा मॅक्स पेन: मेलेला आहे, पण हिशोब चुकता केल्याशिवाय जमिनीला टेकायचं नाही. कितीही लांब स्वगताने हे इतकं नेमकं सांगितलं नसतं.

आणि आता रायफल. जुन्या भागांत मॅक्स कोटाच्या आत आख्खं शस्त्रागार घेऊन फिरायचा. बंदुका येत कुठून, जात कुठे, विचारायचं नाही. तिसऱ्यात मोजून दोन छोट्या आणि एक मोठी. पिस्तूल चालवताना मोठी बंदूक दुसऱ्या हातात लटकलेली दिसते. पिस्तुलात गोळ्या भरताना तो ती बगलेत दाबून धरतो. दोन्ही हातांत पिस्तुलं हवी असतील तर मोठी खाली टाकावीच लागते. बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी या बगलेतल्या रायफलीवर महिनोन् महिने बसलं असणार.

आणि हाच खेळ तीच रायफल दारात आल्यावर फेकून देतो.

कटसीन संपतो तेव्हा मॅक्सच्या हातात बहुतेकदा एकच पिस्तूल असतं. तुमच्या हातांनी शिकलेलं सगळं खोटं ठरतं. मित्र म्हणतो, “रायफलीचं काय एवढं? दोन मिनिटांत दुसरी मिळते.” मिळते, खरंच मिळते. प्रश्न गोळ्यांचा नाही. दहा मिनिटं खेळाने मला पटवलेलं असतं की हे वजन माझं आहे, आणि मग कथा येऊन म्हणते, आण इकडे, तुला सांभाळता येत नाही.

कथा आणि खेळणं यांतलं कोण चांगलं, हा वाद मला म्हणून पोकळ वाटतो. दोन्ही एकाच यंत्रातून आलेली आहेत. खेळ सलग वाटावा, ‘लोडिंग’ची पाटी कुठेही दिसू नये, म्हणून पुढचा भाग कटसीनच्या आड भरला जातो. त्यामुळे कटसीन पटकन ओलांडताही येत नाही. बटण दाबलं की अजून भरतंय असं उत्तर. पहिल्यांदा खेळताना ही सलगता श्वास रोखून धरायला लावते, तिसऱ्यांदा खेळताना तीच सलगता जांभया आणते. अक्षरशः तीच. एकदाच खेळून कपाटात ठेवणारा माणूस आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा काढणारा चाहता हे दोघे वेगळाच खेळ खेळत असतात. भांडणातला अर्धा गोंधळ तर या एवढ्यावरून आहे.

जिंकायचं आपण, हरायचं त्याने

दुसरी विसंगती जास्त खोल आहे. खेळताना मॅक्स अजिंक्य. शेकडो माणसं लोळवतो. आणि कटसीनमध्ये? फॅबियाना हातातून निसटते, खंडणीची बॅग जाते, मालक स्वतःच्याच ऑफिसात मारला जातो, फॅबियाना डोळ्यांदेखत मरते. प्रत्येक लढाई खेळाडूने जिंकायची आणि प्रत्येक प्रसंग मॅक्सने हरायचा.

समर्थक म्हणतात, मुद्दाच तो आहे. हा हरलेला माणूस आहे. मला हे अर्ध्या खेळापर्यंत पटतं. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी तो डोकं भादरतो, दारू सोडतो, फुलाफुलांचा शर्ट चढवून झोपडपट्टीत शिरतो, आणि तिथून कथा आणि हात जरा एका दिशेने चालू लागतात. तेराव्या प्रकरणाचं नाव ‘तापट डोक्याचा जाडा टकल्या’ अशा अर्थाचं आहे. म्हणजे स्वतःची थट्टाही परत येते. पण तिथवर पोचायला निम्मा खेळ जातो, आणि तोवर माझा मित्र उठून गेलेला असतो.

झोपडपट्टीचं सातवं प्रकरण मात्र या खेळातली सर्वांत धाडसी गोष्ट आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. आजूबाजूचे सगळे पोर्तुगीज बोलतात. मॅक्सला ती येत नाही, म्हणून तुम्हालाही कळू दिलेली नाही: खाली अक्षरं लावली तरी ती पोर्तुगीजच. कोणी रागावलंय की वाट दाखवतंय, पोरं हसतायत की चिडवतायत, तो घोळका आता काय करणार, सगळं चेहऱ्यावरून ओळखायचं. ‘ग्रिंगो’, म्हणजे परदेशी, एवढा एकच शब्द कळतो. आपण मराठी माणसं पोर्तुगीजांकडून आलेला बटाटा, पाव, चावी हे रोज तोंडात घोळवतो. त्या गल्लीत यांतलं काहीएक उपयोगी पडत नाही. परक्या शहरात पहिल्या आठवड्यात बसच्या थांब्यावर कान टवकारून उभं राहिल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला तिथला घाम लगेच ओळखीचा वाटेल. कथेने खेळाडूकडून काही हिसकावून घेतलं आणि तरी राग आला नाही, अशी ही या खेळातली एक जागा. कारण इथे मॅक्सकडेही तेच नाही.

ब्राझील म्हणजे झोपडपट्टी, टोळ्या, भ्रष्ट पोलीस आणि बिकिनी, हे ठरीव चित्र आहे, हा आक्षेप मला बिनशर्त मान्य आहे. पोशाख, इमारती, पोलिसांची साधनं यांवर मेहनत दिसते. माणसांवर तेवढी दिसत नाही.

बर्फाचा प्रश्न

मित्राची मुख्य तक्रार: बर्फ नाही, कोट नाही, रात्र नाही. पण तिसऱ्या भागात बर्फ आहे. चौथं प्रकरण न्यू जर्सीतल्या होबोकेनमध्ये घडतं, आठवं बायकोच्या कबरीपाशी. कोट आहे, केस आहेत, रात्र आहे. आणि तरी तिथे जुना मॅक्स सापडत नाही. मला तर तो बर्फ गॅदरिंगमधल्या कापसासारखा वाटतो. म्हणजे हरवलंय ते वेगळंच काहीतरी.

माझ्या मते हरवली ती कॉमिकची पानं. मॅक्सची भाषा पहिल्यापासून अवजड, उपमांनी वाकलेली. पण स्थिर चित्राखाली ती शोभते. चित्र हलत नाही, त्यात जागा रिकामी असते, ती शब्द भरतात. आणि चित्रातला सॅम लेक ते आखडलेलं तोंड करून उभा असल्यामुळे भाषेचा फुगाही आपोआप विनोदी होतो. तिसऱ्या भागात तीच भाषा हलत्या, घामेजलेल्या, बारीकसारीक तपशिलाच्या व्हिडिओवर चढवली. ग्लास फुटताना दिसतोय, हात थरथरताना दिसतोय, आणि वर आवाज सांगतोय की माझं आयुष्य फुटलंय. दिसलेलं पुन्हा सांगितलं की माणूस रडका वाटायला लागतो. मॅक्स बदलला नव्हता. त्याच्या मागची भिंत हलायला लागली होती. पडद्यावर उमटणारे ते सुटे शब्द आणि चौकटी म्हणजे जुन्या पानांची आठवणच, पण पान स्वतः थांबत नाही तोवर आठवणीचा उपयोग नाही.

मोनाचं म्हणाल तर तिसऱ्या भागाच्या कथेत तिला जवळजवळ जागाच नाही. बायकोची, मिशेलची, कबर आहे, मोना नाही. अवघड पातळीवर घाम गाळून जिने जगावं म्हणून झटलो तिचं पुढे काय, हा प्रश्न चाहत्यांनी कधीच सोडला नाही. लेखकांची अडचण समजते. राग मात्र रास्त आहे.

पुढे काय झालं

दुकानांकडे सुरुवातीलाच सुमारे ३० लाख प्रती गेल्या, पण इतक्या वर्षांच्या आणि इतक्या स्टुडिओंच्या खर्चापुढे ते पुरेसं नव्हतं. खप अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं टेक-टूने त्याच उन्हाळ्यात मान्य केलं. जुलै २०१२ मध्ये व्हँकुव्हरचा स्टुडिओ बंद होऊन टोरंटोत विलीन झाला. आपल्याकडे अडचण वेगळीच होती. पीसी आवृत्ती ३५ जीबी जागा मागत होती. ५१२ केबीपीएसच्या लाइनवर तेवढा माल उतरवायला रात्रंदिवस चालू ठेवून जवळजवळ आठवडा, तोही वीज गेली नाही तर. कॅफेवाल्यांनी त्याला हात लावला नाही. तेव्हा ज्या पिढीने कॅफेत मॅक्सला ओळखलं, तिच्यातल्या अनेकांनी हा भाग वर्षांनंतर, नोकरी लागल्यावर, सवलतीत घेऊन खेळला. अशा माणसाची चाळिशी जवळ आलेली असते. जमिनीवरून उठायला मॅक्सला वेळ का लागतो हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रेमेडीच्या ‘ॲलन वेक २’मध्ये ॲलेक्स केसी नावाचा एफबीआयचा अधिकारी दिसला: चेहरा सॅम लेकचा, आवाज मॅकॅफ्रींचा. नाव घेता येत नव्हतं, पण ओळखणाऱ्यांनी ओळखलं. त्याच वर्षी १७ डिसेंबरला मॅकॅफ्री गेले. पहिल्या दोन भागांची नव्याने बांधणी करण्याची घोषणा रेमेडीने एप्रिल २०२२ मध्येच केली आहे, रॉकस्टारच्या पैशावर. तिसऱ्याचा त्यात समावेश नाही.

मॅकॅफ्री गेल्याचं कळलं त्या रात्री मित्राचा फोन आला. “तू काय लावलंयस?” मी विमानतळ लावलं होतं, शेवटचं प्रकरण; टर्मिनलमध्ये शिरताना हेल्थ या बँडचं ‘टीअर्स’ सुरू होतं आणि दहाएक मिनिटं कोणी कोणाची रायफल काढून घेत नाही.

“तू?”

“कबरस्तान,” तो म्हणाला. “बर्फ बघतोय नुसता. गोळी झाडली नाही अजून.”